कार्यालयात पाळीव कुत्र्यांना येऊ द्यावे का? धोरण ठरवण्यापूर्वी मते हवी आहेत

मनुष्यबळ_बाणेर

नमस्कार.

बाणेरमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत मनुष्यबळ विभागाचे काम मी पाहते. कर्मचारी साधारण ८० आहेत. त्याखेरीज सफाई, सुरक्षा आणि पँट्री सांभाळणारी कंत्राटी मंडळी आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये सगळे घरून काम करत असताना आमच्याकडील बऱ्याच जणांनी कुत्री पाळली. कोणी लॅब्रॅडॉर आणला, कोणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेले पिल्लू घरात घेतले. त्या वेळी माणसे दिवसभर घरात होती. आता आठवड्यातले चार दिवस कार्यालयात येणे बंधनकारक आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीला असले आणि घरात वडीलधारे कोणी नसले, की ते जनावर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बंद फ्लॅटमध्ये एकटे राहते. शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात, सोफा कुरतडला जातो, आणि इकडे बैठकीत बसलेल्या माणसाचे निम्मे लक्ष मोबाइलवर दिसणाऱ्या घरच्या कॅमेऱ्याकडे असते. आमच्या एका सहकाऱ्याने अलीकडेच राजीनामा दिला, तेव्हा आपल्या कारणांमध्ये हेही एक कारण त्याने स्पष्टपणे लिहिले होते.

या पार्श्वभूमीवर कुत्र्यांना कार्यालयात आणण्याची परवानगी मिळावी, असा प्रस्ताव काही सहकाऱ्यांनी मांडला आणि आमच्या संचालकांनी तो मनापासून उचलून धरला. परदेशातील उदाहरणे त्यांच्यासमोर आहेत. अ‍ॅमेझॉनच्या सुरुवातीच्या दिवसांत रूफस नावाचा कॉर्गी जातीचा कुत्रा कार्यालयात वावरत असे आणि पुढे सिअ‍ॅटलमधील त्यांच्या इमारतींत येणाऱ्या कुत्र्यांची नोंद हजारोंच्या घरात गेली. आपल्याकडचे उदाहरण निराळे असले तरी मला अधिक जवळचे वाटते : २०१८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे हाउसचे, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्यालयाचे, नूतनीकरण झाले, तेव्हा समूहाने परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी तेथे स्वतंत्र जागा राखून ठेवली.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. अमेरिकेत १९९९ पासून जून महिन्यात ‘आपला कुत्रा कामावर आणा’ असा एक दिवस पाळला जातो. तसा एक दिवस आधी करून पाहावा, हा पहिला. दर शुक्रवारी नोंदणी केलेल्या कुत्र्यांना कायमची परवानगी द्यावी, हा दुसरा. दोन्ही पर्यायांचा खर्च ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षकाखाली दाखवला जाणार आहे, आणि म्हणूनच त्यातून कोणाचे कल्याण होते, किती होते आणि ते कोणाच्या पदरून होते, हे आधी नीट समजून घेणे मला आवश्यक वाटते. ज्यांना कुत्र्याची भीती किंवा अ‍ॅलर्जी आहे त्यांचे काय, कुत्र्याला स्वतःला हे मानवते का, आणि भाड्याच्या इमारतीत कायदेशीर बाजू कशी सांभाळावी, या प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन. आम्ही सर्वेक्षण केले आहे. ७० टक्क्यांहून अधिक उत्तरे अनुकूल आली आहेत.

निळी शाई

संशोधनाविषयी थोडे लिहितो, कारण या विषयावरील बातम्यांत निष्कर्ष बरेच फुगवून सांगितले जातात.

सर्वांत जास्त उल्लेख होतो तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील रँडॉल्फ बार्कर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा. तो उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे, जुनी चिनी मातीची भांडी आणि काटे-चमचे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत झाला होता. तेथे सुमारे ५५० कर्मचारी होते आणि रोज २० ते ३० कुत्री कार्यालयात येत असत. कामगारांचे तीन गट पाडले होते : कुत्रा घेऊन येणारे, कुत्रा असूनही घरी ठेवणारे आणि कोणताही पाळीव प्राणी नसलेले. सकाळी तिन्ही गटांचा ताण जवळपास सारखा होता. दिवस सरत गेला तसा कुत्रा सोबत असणाऱ्यांनी सांगितलेला ताण उतरला आणि उरलेल्या दोन्ही गटांचा चढला. ज्या दिवशी त्याच माणसांनी कुत्रा घरी ठेवला, त्या दिवशी त्यांचाही ताण इतरांसारखाच चढत गेला.

आता यातली जी बाजू बातम्यांतून गळते ती पाहा. लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे तणावाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, यात गटागटांमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नव्हता. फरक होता तो माणसांनी स्वतः नोंदवलेल्या ताणात. शिवाय ही कंपनी कुत्र्यांना आधीपासूनच सरावलेली होती आणि कोणी कोणत्या गटात जावे हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. स्वतःला जाणवणारा ताण कमी होणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, तिचे मोल मी मानतो. पण ‘कुत्रे आले की कार्यालयाचा ताण घटतो’ असे हा अभ्यास म्हणत नाही. ज्याचा कुत्रा आहे त्याला तो जवळ असल्याने दिलासा मिळतो, एवढेच त्यातून निघते. ज्यांच्याकडे कुत्रा नव्हता त्यांचा ताण, त्याच इमारतीत २०-३० कुत्री असूनही, चढतच गेला होता.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २०१९ साली विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग मला अधिक काटेकोर वाटतो. तेथे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले होते, आणि १० मिनिटे कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल नुसते पाहणाऱ्यांपेक्षा किंवा वाट पाहत बसलेल्यांपेक्षा कमी आढळले. त्याआधी २०१५ मध्ये जपानच्या आझाबू विद्यापीठातील संशोधकांनी कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक, वाढते, असे दाखवले. याचा अर्थ स्पर्शाने आणि नजरेने बरे वाटते ही निव्वळ समजूत नाही. मात्र हे सारे ज्याला कुत्र्याजवळ जावेसे वाटते त्याच्याबद्दल आहे. ज्याला वाटत नाही त्याच्याबद्दल यातला कोणताही आकडा काही सांगत नाही. तुमच्या सर्वेक्षणातील प्रतिकूल उत्तरे कोणाची आहेत, हे म्हणून अनुकूल उत्तरांपेक्षा जास्त बारकाईने वाचावे.

पशुवैद्य, सिंहगड रस्ता

मी पुण्यात बरीच वर्षे लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो आहे आणि कार्यालयात जाणारी कुत्री माझ्याकडे तपासणीला येतात. कुत्र्याच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

पहिली विनंती अशी, की तो जूनमधला एक दिवस कृपया करू नये. वरवर पाहता तो निरुपद्रवी वाटतो, पण कुत्र्याच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे. कधीही न पाहिलेली इमारत, लिफ्ट, एसीचा आवाज, गुळगुळीत फरशी, आणि त्यात एकमेकांना पूर्णपणे अनोळखी अशी पंधरा-वीस कुत्री एकाच हॉलमध्ये. मोकळ्यावर दोन अनोळखी कुत्री भेटतात तेव्हा ती सरळ समोरासमोर येत नाहीत, वळसा घालून, बाजूने हुंगत येतात, आणि नको वाटले तर निघून जातात. पट्टा आखडून धरला की वळसाही घेता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही; मग उरतो तो फक्त गुरगुरण्याचा मार्ग. अशा मेळाव्यानंतर दुसऱ्या दिवशी जुलाब, खाणे सोडणे किंवा घरच्याच माणसावर गुरगुरणे अशा तक्रारी घेऊन लोक येतात, आणि ‘काल तर किती शांत बसला होता’ असे हमखास सांगतात.

तो ‘शांत बसला होता’ हा भाग समजून घेण्यासारखा आहे. झोप आलेली नसताना पुन्हा पुन्हा जांभई देणे, खाणे समोर नसताना जिभेने नाक चाटणे, मान एकीकडे वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, शेपूट पोटाखाली घेणे, हवा गार असूनही धापा टाकणे, कोणी डोक्यावरून हात फिरवला की अंग ताठ करून थिजणे, ही सगळी भेदरल्याची लक्षणे आहेत. गेल्या वर्षी तपासणीसाठी आणलेली एक मादी मला आठवते. मालकाने कार्यालयातला व्हिडिओ कौतुकाने दाखवला : ती टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली आहे, एकामागून एक माणसे वाकून तिला थोपटत आहेत, आणि प्रत्येक हात जवळ आला की ती नाक चाटते. मालकाचे तिच्यावर जिवापाड प्रेम होते. त्या खुणा वाचायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून कार्यालयात कुत्री आणायची असतील तर खुणा ओळखण्याचे तासाभराचे प्रशिक्षण सर्वांना, विशेषतः कुत्री आवडणाऱ्यांना, द्यावे. भीती वाटणारी माणसे आपोआप अंतर राखतात. चावा बहुधा लाड करणाऱ्याला बसतो.

शुक्रवारचा पर्याय त्या मानाने पुष्कळ बरा आहे, कारण त्यात तीच ती मोजकी कुत्री, त्याच जागी, ठरावीक दिवशी येतील. संख्या अगदी थोड्यापासून सुरू करावी, एका वेळी दोन किंवा तीन. पूर्ण वाढलेला कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपेत किंवा लवंडून घालवतो, तेव्हा त्याला करमणुकीपेक्षा निवांत कोपरा हवा असतो : भिंतीला लागून, ये-जा नसलेला, घरची चादर अंथरलेला, पाण्याचे भांडे हाताशी असलेला. दर तीन-चार तासांनी त्याला खाली नेण्याची वेळ मालकाच्या कॅलेंडरमध्ये राखून ठेवलेली असावी आणि त्या वेळेत त्याला बैठक लावू नये. हे जमणार नसेल तर बाकीच्या सोयी करण्यात अर्थ नाही. फरशीवर पाय घसरल्याने वयस्कर कुत्र्यांच्या खुब्यांना त्रास होतो. एखादी रबरी चटई पुरते.

प्रवासाचा विचार पुण्यात तरी आधी करावा लागतो. वाकड किंवा हिंजवडीच्या चौकात संध्याकाळी अडकलेल्या गाडीत कुत्रा तासभर बसतो. एप्रिल आणि मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला भिडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पग, बुलडॉग, शी त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेवढेही धड जमत नाही. ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत ठेवलेला कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. दुपारी खाली नेताना आपल्या हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. उन्हाळ्याचे ते दोन महिने परवानगी सरळ स्थगित ठेवावी, असे माझे मत आहे.

लसीकरणाची पुस्तिका प्रत्यक्ष पाहून नोंद करावी. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला, नंतर बूस्टर आणि मग दर वर्षी, हा क्रम चुकलेला नसावा. पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसची लसही झालेली असावी. लेप्टो हा मूत्रातून पसरणारा आणि माणसालाही होणारा आजार आहे, पावसाळ्यात त्याकडे दुर्लक्ष करू नये. लसी पूर्ण न झालेली पिल्ले, माजावर आलेली मादी आणि खोकणारा कुत्रा यांना आणू नये. गोचिडांचे औषध वेळेवर दिलेले असावे, कारण एका कुत्र्याच्या अंगावरची गोचीड गालिच्यात उतरली की ‘टिक फीवर’ इतर कुत्र्यांना लागायला वेळ लागत नाही. डबे कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नयेत. चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा आणि झायलिटॉल असलेले शुगरफ्री च्युइंगगम ही त्यांच्यासाठी विषे आहेत, आणि यांतल्या बहुतेक गोष्टी कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये सापडतात.

एवढे करूनही दात लागलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि लसीचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. कुत्रा लस घेतलेला आहे, म्हणून घरच्या घरी मिटवू नये. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; त्यामुळे आपल्याकडे या बाबतीत भिडस्तपणा परवडत नाही.

आणखी एक, गेटवरच्या कुत्र्यांबद्दल. बाणेर-बालेवाडीच्या बहुतेक इमारतींच्या फाटकाशी दोन-चार भटकी कुत्री ठाण मांडून असतात आणि त्या फाटकावर त्यांचा हक्क असतो. रोज परका कुत्रा आत शिरताना पाहून भांडणे होतात. पाळीव कुत्र्यांना दुसऱ्या बाजूने, गाडीतूनच आत नेता येते का ते पाहा.

खिडकीजवळची जागा

मी खराडीतील एका कार्यालयात काम करते. मला लहानपणापासून दमा आहे आणि मांजर-कुत्र्यांची अ‍ॅलर्जीही आहे. आमच्याकडे आधी ‘अधूनमधून’ आणि मग सर्रास कुत्री येऊ लागली. कोणी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. उलट सगळे प्रेमळ होते, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

अ‍ॅलर्जी केसांची असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि तो कोंडा कपड्यांवरून, गालिच्यांतून, एसीच्या वाऱ्याबरोबर सगळीकडे पोहोचतो. कुत्रा दुसऱ्या टोकाला बसवला म्हणून श्वास मोकळा होत नाही, आणि ‘केस न गळणाऱ्या’ जातीचा आहे म्हणूनही होत नाही. मला दुपारपर्यंत पंप घ्यावा लागायचा. पण बोलायचे कोणासमोर? ज्यांचा कुत्रा होता ते माझे वरिष्ठ होते आणि माझे वार्षिक मूल्यमापन त्यांच्याच हाती होते. सगळे त्याला कुरवाळत असताना ‘मला त्रास होतो’ म्हणणारी मी एकटी, म्हणजे मग चौकटीबाहेरची, कोरड्या मनाची, असा शिक्का बसण्याची भीती होती. सर्वेक्षण आले तेव्हा मी ‘हरकत नाही’ असेच लिहिले. तुमच्या ७० टक्क्यांमध्ये माझ्यासारखी किती उत्तरे आहेत, याचा विचार कृपया करावा.

याहून महत्त्वाचे मला वेगळेच सांगायचे आहे. तुमचे सर्वेक्षण ईमेलने गेले असेल, तर ते सफाई करणाऱ्या मावशींपर्यंत पोहोचलेच नसणार, कारण त्यांना कंपनीचा ईमेल नसतो. आमच्याकडे मजला पुसणाऱ्या मावशी कुत्रा असलेल्या रांगेपाशी आल्या की बादली खाली ठेवून तो दुसरीकडे जाईपर्यंत उभ्या राहायच्या. सगळ्यांना वाटायचे की त्या विसावा घेत आहेत. मी विचारले तेव्हा त्यांनी साडी जरा वर करून पोटरीवरचा जुना व्रण दाखवला. पहाटे पाचला वस्तीतून निघून पहिली बस गाठायला चालत जाताना त्यांना कुत्रे चावले होते आणि त्यानंतरची इंजेक्शने घेण्यासाठी रोज बुडवावा लागला होता. ‘सायबांचं कुत्रं चांगलं हाय, पण माझं काळीजच ऱ्हात न्हाई,’ असे त्या म्हणाल्या. त्या ठेकेदाराच्या माणूस. त्यांनी तक्रार केली असती तर दुसऱ्या इमारतीत बदली झाली असती, एवढेच. शिवाय फरशीवर झालेली घाण पुसायला बोलावणे त्यांनाच यायचे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. परवानगी देण्याआधी, नाही म्हणणाऱ्याला कोणतेही कारण न देता, नाव उघड न होता नाही म्हणता आले पाहिजे, आणि दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या एकाही माणसाचे ‘नाही’ त्या मजल्यापुरते शेवटचे मानले गेले पाहिजे. भीती वाटणाऱ्यांसाठी कुत्रा-विरहित मजला, वेगळी लिफ्ट किंवा वेगळी वेळ ठरवता येते. दम्याला अशी तडजोड चालत नाही. यावर बहुमत घेऊ नये. श्वास हा मतदानाचा विषय नाही.

करारपत्र

कायदेशीर बाजूवर थोडक्यात.

निवासी सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांचा आधार घेऊन ‘कार्यालयातही आमचा हक्क आहे’ असे काही जण म्हणतात. तसा हक्क नाही. कार्यालयात कुत्रा आणू देणे ही नोकरी देणाऱ्याने दिलेली सवलत असते आणि ती अटींसह देता येते, काढूनही घेता येते. मदतनीस म्हणून प्रशिक्षण दिलेला कुत्रा अपंग कर्मचाऱ्यासोबत येत असेल तर प्रश्न पूर्ण वेगळा आहे. त्याला या धोरणात कोंबू नका, त्याचा विचार २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या अंगाने स्वतंत्रपणे करा.

तुमची जागा लीव्ह अँड लायसन्सवर असेल तर जागामालकाची आणि इमारतीच्या देखभाल समितीची लेखी संमती घ्या. लिफ्ट, लॉबी आणि पार्किंग त्यांच्या अखत्यारीत येतात. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना मागा. बाणेर पुणे महापालिकेत येते, वाकड आणि पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये, म्हणजे तुमच्या कर्मचाऱ्यांकडे दोन वेगवेगळ्या महापालिकांचे परवाने असतील. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही जबाबदारी मालकाची आहे हे लेखी घ्या, पण त्यामुळे कंपनीची जबाबदारी संपते असे समजू नका. विमा कंपनीला आधीच कळवा.

आंबेगावकर

माझ्याकडे सात वर्षांचा देशी कुत्रा आहे आणि मी त्याला कार्यालयात नेत नाही, नेणारही नाही. त्याला ओळखीच्या गल्लीतून फिरायला आवडते आणि फटाक्याच्या आवाजाने तो दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. कार्यालय त्याच्यासाठी नाही. मला वाटते की बहुतेक कुत्री अशीच असतात. दिवसभर परक्या माणसांत रमणारी थोडी, आणि परवानगी मात्र सगळ्यांच्या कल्याणासाठी म्हणून दिली जाते.

वर एकांनी सांगितलेल्या अभ्यासातला एक भाग मला फार पटला : कुत्रा घरी ठेवला त्या दिवशी मालकाचा ताण चढत गेला. माझा तसाच चढतो, आणि त्याचे मूळ कुत्र्याच्या दूर असण्यापेक्षा माझ्या रात्री आठपर्यंत न सुटण्यात आहे. सहाला सुटका झाली तर माझा कुत्रा घरी सुखात असतो आणि मीही. मूळ प्रश्न लेखिकेने स्वतःच लिहिला आहे, सकाळी नऊ ते रात्री आठ. अकरा तास घराबाहेर राहणाऱ्या माणसाच्या घरात कुत्रा असो, तान्हे मूल असो की आजारी आई, ओढाताण तीच होणार. महाराष्ट्रातील २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ५० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी पाळणाघराची अपेक्षा धरतो. ८० जणांच्या कार्यालयात ती सोय आहे का, हे कुत्र्यांच्या आधी विचारले गेले असते तर मला अधिक बरे वाटले असते. हे टोचून म्हणत नाही. कल्याणाचा पैसा मर्यादित असतो आणि त्याचा क्रम लागतोच.

कुत्रा पाळणारे म्हणून आम्हाला खरोखर उपयोगी पडतील अशा गोष्टी साध्या आहेत. नवे पिल्लू आणल्यावर पहिले काही आठवडे घरून काम. कुत्रा आजारी असेल त्या दिवशी, किंवा दवाखान्याची वेळ असेल तेव्हा, खोटे कारण न सांगता घेता येणारी अर्धी रजा. दुपारी घरी जाऊन येण्याइतकी मोकळीक. शक्य असेल तर दिवसभराच्या बोर्डिंगच्या किंवा फिरवून आणणाऱ्या माणसाच्या खर्चात थोडा वाटा. आणि म्हातारा कुत्रा गेला, तर दुसऱ्याच दिवशी हसऱ्या चेहऱ्याने सादरीकरणाला उभे राहायला न लावणे. माझी आधीची कुत्री गेली त्या आठवड्यात माझ्या तत्कालीन वरिष्ठांनी काही न विचारता दोन दिवस काम वाटून घेतले होते; ती कृतज्ञता अजून मनात आहे. यांतल्या कशासाठीही गालिचे धुवावे लागत नाहीत आणि कोणाच्या छातीत घरघर होत नाही.

मनुष्यबळ_बाणेर

सर्वांचे मनापासून आभार.

मावशींविषयीचा मुद्दा वाचून मी आज सकाळीच आमच्या सफाई आणि पँट्रीतल्या लोकांशी एकेकट्याने बोलले. सर्वेक्षण खरोखरच त्यांच्याकडे गेले नव्हते. दोघींना भीती वाटते. एक मामा मात्र आनंदाने म्हणाले, की त्यांच्या मावळातल्या घरी तीन कुत्री आहेत आणि कोणी आणलेच तर सांभाळायला ते तयार आहेत. त्यांची तयारी आहे म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडू नये, याची काळजी मी घेईन.

जूनमधला एक दिवस रद्द करावा असे टिपण संचालकांना पाठवले आहे. सर्वेक्षण पुन्हा घेणार आहे, या वेळी बंद पेटीत कागदी चिठ्ठ्या टाकून आणि कंत्राटी मंडळींसह. दम्याविषयीची अट मजल्यापुरती अंतिम, हे मी जसेच्या तसे घेत आहे. दुपारची मोकळीक, आजारी प्राण्यासाठी अर्धी रजा आणि पिल्लू आणल्यानंतरची घरून कामाची मुभा या तीन गोष्टी आधी मांडणार आहे, कारण त्यांना कोणाचीच हरकत असण्याचे कारण दिसत नाही. पाळणाघराबद्दल विचारलेत, तर आमच्याकडे सध्या शेजारच्या इमारतीतील पाळणाघराशी करार आहे. तो तिघीच वापरतात, आणि का तिघीच, हेही आता विचारायला हवे.

शुक्रवारचा पर्याय मी पूर्णपणे सोडलेला नाही. तळमजल्यावर आमच्याकडे एक स्वतंत्र खोली आहे. तिला बाहेरून वेगळे दार आहे, एसीचा संच वेगळा आहे आणि सध्या तिथे जुने मॉनिटर पडून आहेत. दोन कुत्री आणि त्यांचे मालक तिथे दिवसभर बसून काम करू शकतील. पशुवैद्य महोदय, अशी बंदिस्त खोली कुत्र्यांना चालेल का?

पशुवैद्य, सिंहगड रस्ता

चालेल, मालक त्याच खोलीत बसणार असतील तर. मालक वर आणि कुत्रा खाली असे होणार असेल, तर तो घरीच बरा. दोन्ही कुत्र्यांची भेट आधी बाहेर, मोकळ्या जागी, दोन-तीनदा घडवून आणावी आणि खोलीत दोघांच्या मध्ये आडोसा ठेवावा. मॉनिटर हलवताना तारा उचलून भिंतीवर बसवून घ्या. खोलीला खिडकी आहे का, आणि दुपारी ऊन कोणत्या बाजूने येते, ते कळवा.